दिसतंय तोवर वर

सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यांना लांबचं सगळं दिसायला लागलं. जवळचं मात्र काही दिसेना. डॉक्टरांनी आधी विचारलं होतं, "आजी, भिंग लांबचं बसवू की जवळचं?" त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "जवळची माणसं बघून झाली माझी. लांबचं बसवा."

तेव्हापासून त्यांना ताटातला खडा दिसायचा नाही, पण समोरच्या इमारतीतल्या सहाव्या मजल्यावरच्या बाईने कालचाच झगा आज पुन्हा घातलाय, हे गॅलरीतून दिसायचं. ऑपरेशननंतर पंधरा दिवस विश्रांतीसाठी म्हणून त्या लेकीकडे आल्या होत्या. त्या पंधरा दिवसांना आता आठवा महिना लागला होता.

जावई कवळ्या करायचा. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे साचे पाठवायचे आणि हा मागच्या खोलीत बसून मेणात दात बसवायचा, गुलाबी हिरड्या ओतायचा, घासायचा, चकाकी आणायचा. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण दात करून याचं बऱ्यापैकी भरलं होतं. पोटाकडे बघून कुणालाही पटलं असतं. बावीस वर्षं परक्यांच्या दाढा नाकाजवळ धरून धरून त्याची नजर वीतभर अंतराला मुरली होती. हाताच्या पलीकडचं जग त्याला चष्म्यातूनही जरा विरघळल्यासारखंच दिसायचं.

आणि अशा माणसाला नाद कसला, तर रिमोटवरची विमानं उंच उडवायचा.

गावाबाहेरच्या माळावर त्यांचा क्लब होता. क्लबच्या पत्र्याच्या खोलीत एक फळा होता आणि फळ्यावर तीन वर्षं एकच आकडा होता: दोन हजार एकशे चाळीस मीटर. खाली लिहिलं होतं, 'बेकरीवाला'. नियम कडक होते. विमान माणसाने डोळ्यांनी बघत उडवायचं. कॅमेरा नाही, दुर्बीण नाही, आपोआप उडवणारं यंत्र नाही. शेजारी उभं राहून बघायला एक सोबती चालेल. विमानातलं यंत्र उंची मोजणार आणि आकडा खाली पंचाच्या पडद्यावर दिसणार. विमान दोघांच्याही नजरेआड झालं की तिथून पुढची उंची धरायची नाही.

कवळीवाल्याने त्या आकड्याचा ध्यास घेतला. बेकरीवाला दर रविवारी त्याच्या पाठीवर थाप मारून, "काय म्हणतायत दात?" असं विचारायचा. तेही त्यामागचं एक कारण होतं.

त्याने हिशेब मांडला. वर हवा विरळ, म्हणजे पंख लांब हवेत आणि पंखा मोठा हवा. वर थंडी, म्हणजे बॅटरी गारठणार, तिला लोकर गुंडाळली पाहिजे. आणि सगळ्यात मोठं म्हणजे वजन. नाकापेक्षा मोती जड झाला की नाक खाली येतं, मग विमानाची काय कथा! त्याने लाकडाच्या फासळ्यांना भोकं पाडली. मग भोकांच्या मध्ये उरलेल्या जागेत आणखी छोटी भोकं पाडली. डिंक थेंबाथेंबाने मोजला. बॅटरीवरचं कंपनीचं लेबल सोललं आणि तराजूवर ठेवून बायकोला हाक मारली, "अगं, अर्धा ग्रॅम गेला!"

बायको तलावावर पोहायला शिकवायची. तिच्या गळ्यात कायम शिट्टी असायची. ती म्हणाली, "तुमचं स्वतःचं बारा किलो कमी करायला सांगितलंय डॉक्टरांनी."

"मी कुठे विमानात बसणार आहे?"

विमानाचं नाक त्याने घरात होतं त्याच मालाचं केलं. कवळीच्या हिरडीचा गुलाबी माल, हलका आणि चिवट. पांढरंफेक विमान आणि पुढे गुलाबी नाक! सासूबाईंनी ते खोलीच्या त्या टोकावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "हिरडी दिसतेय नुसती." झालं. विमानाचं नाव हिरडी पडलं.

हिरडीचे दोन्ही पंख जोडले की सव्वाचार मीटर भरायचे. मागच्या खोलीत ते मावेनात. शेवटी पंख बोळातून थेट सासूबाईंच्या खोलीत शिरला आणि त्याचं टोक त्यांच्या पलंगावर, पायांशी विसावलं. रात्री कूस बदलायची तर त्यांना आधी पंखाला विचारावं लागे.

एका सकाळी त्या पलंगावर बसून बोळाच्या दुसऱ्या टोकाकडे बघत होत्या. तिकडे जावई पंखावर कागद ताणून चिकटवत होता.

"जावईबापू, तुमच्याकडचं टोक पिळलंय."

"नाही हो आई. मी मोजूनच केलंय."

"मोजलं असेल. पण पिळलंय. झोपेतून उठलेल्या माणसाच्या उशीसारखं."

जावयाने पट्टी लावली, मग दुसरी पट्टी लावली. चार मिलिमीटर. तो काही बोलला नाही, वाफ देऊन मुकाट्याने पंख सरळ केला. सासूबाईही काही बोलल्या नाहीत. त्या दिवसभर काही बोलल्या नाहीत, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

पहिल्या चाचणीला बायकोने आईलाही गाडीत घातलं. "घरी बसून सहाव्या मजल्याची चौकशी करत बसते. तिला जरा मोकळी हवा मिळू दे." माळावर घडीची खुर्ची मांडून सासूबाईंना बसवलं. जावयाने हिरडीला हातातून सोडलं आणि ती अशी काही सरसर चढली की त्याला आभाळ ठेंगणं झालं. चारशे मीटर झाले, साडेचारशे झाले. मग त्याने चष्मा पुसला आणि तेवढ्यात गेली.

"गेली! दिसत नाही! अगं, तुला दिसतेय का?"

बायकोने कपाळावर हात धरून वर पाहिलं. "ती काय... नाही, तो कावळा."

चार महिन्यांची मेहनत वर कुठेतरी होती आणि खाली फक्त निळं आभाळ होतं.

खुर्चीतून आवाज आला, "त्या ढगाच्या कानाशी आहे. आणि कलंडतेय."

"कुठे कलंडतेय? कुठल्या बाजूला?"

"डावीकडे. तुमच्या नव्हे, तिच्या डावीकडे. उजवीकडे ओढा. अहो, एवढं नाही! दार ढकलताय का? हां. आता नाक खाली करा. झालं सरळ."

अशा रीतीने सासूबाईंनी खुर्चीतून न उठता ती खाली आणली. उतरल्यावर जावई गवतात बसकण मारून बराच वेळ नुसता घाम पुसत होता. मग म्हणाला, "आई, तुम्ही माझ्या सोबती व्हाल का?"

"चहा लागेल मधे."

"थर्मास आणतो."

त्यानंतर दोन महिने दर रविवारी सराव चालला. जावयाने आधी त्यांना घड्याळाच्या काट्यांवरून दिशा सांगायला शिकवलं. "समजा, ती अशी आहे, तर म्हणायचं दहा वाजता." माळावर गेल्यावर त्याने विचारलं, "आई, किती वाजता?" त्या म्हणाल्या, "अकराला पाच कमी." तो नाद मग सोडावा लागला. सासूबाईंनी आपली भाषा चालू ठेवली. 'जरा' म्हणजे रिमोटची दांडी केसभर हलवायची. 'बरीच' म्हणजे बोटभर. 'अहो!' म्हणजे जे करताय ते थांबवा. बेकरीवाला लांबून ऐकून हसायचा, पण हिरडी हजारच्या पुढे गेली त्या रविवारी तो गप्प झाला.

वाद एकाच गोष्टीवरून झाला.

"हिला पोटाखालून काळा रंग द्या," सासूबाई म्हणाल्या. "पांढऱ्या आभाळात पांढरं विमान. मी काय ओळखीवर शोधू?"

"आई, रंगाचं वजन होतं. दोन्ही पंखांना मिळून चाळीस ग्रॅम! चाळीस ग्रॅम म्हणजे..." त्याने डोळे मिटून हिशेब केला. "म्हणजे दीडशे मीटर गेले."

"दिसलंच नाही तर दीडशे मीटर काय चाटायचेत?"

जावई ऐकेना. वजनाच्या बाबतीत तो ब्रह्मदेवाचंही ऐकला नसता. सासूबाईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "बरं. तुमचेच दात, तुमचेच ओठ."

विक्रमाचा दिवस ठरला. क्लबने वरचं आभाळ तासाभरासाठी मोकळं ठेवण्याची परवानगी काढली होती. पंच म्हणून आलेला माणूस काटेकोर होता, पण त्याला गवताचं वावडं होतं. माळावर पाऊल टाकलं की शिंका सुरू. टेबलावर उंचीचा पडदा, पुढ्यात तक्ता, डाव्या हाताला कागदी रुमालांचं खोकं, असा तो बसला. दर अर्ध्या मिनिटाला उंचीचा आकडा टिपायचा, हे त्याचं काम.

हिरडी निघाली. पाचशे. हजार. हवा स्वच्छ होती, आभाळ मात्र पांढुरकं होतं. सासूबाई मान मागे टाकून खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांचा आवाज संथ लागला होता. "चांगली चाललीय. जरा उजवीकडे. असू दे."

"दिसतेय ना?" जावयाने विचारलं.

"दिसतेय."

दीड हजार. पंच शिंकला. अठराशे. पंच पुन्हा शिंकला.

"दिसतेय ना?"

"दिसतेय म्हटलं ना. वर चला."

पंच तिसऱ्यांदा शिंकला, टेबल हादरलं. आता सगळा क्लब जमा झाला होता. पंच मोठ्याने आकडे वाचायला लागला, "एकवीसशे ऐंशी... बावीसशे तीस..." बेकरीवाल्याने टोपी काढली आणि परत घातली.

"दिसतेय ना?"

"दिसतेय. जरा डावीकडे. वर."

पंचवीसशे. अठ्ठावीसशे. जावयाच्या पाठीवरून घाम वाहत होता. तो वर बघतच नव्हता. बघून उपयोगही नव्हता. डोळे मिटून तो फक्त सासूबाईंचा आवाज ऐकत होता. लग्नानंतरच्या एकोणीस वर्षांत त्याने त्यांचं एवढं कधी ऐकलं नव्हतं.

"तीन हजार बारा!" पंच ओरडला आणि त्यातच शिंकला.

"आता पुरे," सासूबाई म्हणाल्या. "मोटार बंद करा. हात स्थिर ठेवा. येऊ दे तिची ती."

हिरडी मोठमोठ्या घिरट्या घेत उतरत होती. पंच आकडे उलटे वाचत होता. एकोणीसशेला सासूबाई एकदम खुर्चीतून उठल्या. "आली! आली बघा!" मग खाली बसून म्हणाल्या, "म्हणजे, येतेय."

उतरणं तेवढं जरा बिघडलं. हिरडी नेमकी पंचाच्या टेबलाकडे आली आणि तिचं गुलाबी नाक कागदी रुमालांच्या खोक्यात खुपसून थांबली. पण कुठे चीर नाही, तडा नाही. बायकोने शिट्टी फुंकली. लोकांनी जावयाला उचलायचा प्रयत्न केला आणि ते झेपणार नाही हे पाहून नुसते हात हातात घेतले. बेकरीवाला मोठ्या मनाने पुढे झाला आणि म्हणाला, "काका, मानलं."

पंचाने तक्ता पुढे केला. "सोबत्याची सही इथे. वर काय लिहिलंय ते वाचून घ्या."

"मला जवळचं दिसत नाही. तुम्हीच वाचा."

"'चढताना नोंदवलेल्या उंचीपर्यंत विमान मला सतत दिसत होतं.'"

सासूबाईंनी पेन हातात घेतलं. थोडा वेळ धरून ठेवलं आणि मग टेबलावर ठेवून दिलं.

"ही सही मी करणार नाही."

"का?" जावई, बायको आणि पंच एकदमच म्हणाले.

"नव्हतं दिसत."

जावई त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला. "आई, तुम्ही तर सारखं दिसतेय, दिसतेय म्हणत होतात!"

"मग काय म्हणणार? नाही म्हटलं असतं तर तुम्ही घाबरला असता. घाबरला असता तर दांड्या ओढल्या असत्या. ओढल्या असत्या तर ती पडली असती. मी गप्पच बसले असते, पण तुम्ही मिनिटामिनिटाला विचारत होतात."

"पण ते 'जरा डावीकडे'?"

"काहीतरी सांगायला नको? नुसतं वर, वर, वर किती वेळ म्हणणार?"

"म्हणजे तीन हजार मीटर मी..."

"तुम्ही नाही. तिची तीच गेली. गुणाची आहे." त्या पंचाकडे वळल्या. "तोंडाने बोलले ते त्यांच्या जिवासाठी. कागदावर खोटं लिहिणार नाही मी."

पंचाने नाक पुसलं. "मग आजी, नेमकी कधी दिसेनाशी झाली?"

"तुम्ही तिसऱ्यांदा शिंकलात तेव्हा. मी दचकून तुमच्याकडे बघितलं, परत वर बघितलं तर नव्हती. पांढऱ्यात पांढरी."

पंचाने तक्ता तपासला. प्रत्येक शिंकेला त्याचं पेन घसरून कागदावर एक वेडीवाकडी रेघ उमटली होती. पहिली, दुसरी, आणि ही तिसरी. तिच्या शेजारी आकडा होता: दोन हजार एकशे छत्तीस.

चार मीटर कमी.

बेकरीवाल्याने मोठं मन आवरतं घेतलं आणि पाठीवर थाप मारली. "काय म्हणतायत दात?"

घरी आल्यावर जावई मागच्या खोलीत गेला आणि एका गिऱ्हाईकाच्या सुळ्यावर राग काढत बसला. बायको दारात आली. "अहो, आईवर चिडलात?"

"चिडू कशाला? त्या खरं बोलल्या." त्याने सुळा खाली ठेवला. "पण आणखी एका शिंकेनंतर बोलल्या असत्या तर?"

बुधवारी सकाळी सासूबाई वाटी आणि ब्रश घेऊन बोळातून चाचपडत आल्या. वाटीत काळं काहीतरी कालवलेलं होतं.

"हा घ्या रंग. आधी वजन करा."

जावयाने वास घेतला. "हा कसला रंग?"

"रंग म्हणजे रंग."

बायको मागून आली, तिनेही वास घेतला आणि तिचे डोळे विस्फारले. "आई! हा केसांचा कलप आहे! तू तर सगळ्यांना सांगतेस की आमच्या घराण्यात केस पिकतच नाहीत म्हणून!"

"मी काय सांगते ते सोड. पातळ आहे, कागदात मुरतो, वर थर चढत नाही. वाळल्यावर वजन करा."

वाळल्यावर वजन केलं. दोन्ही पंखांचं मिळून सहा ग्रॅम. जावयाने तीनदा तराजू तपासला. मग म्हणाला, "आई, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

त्यांनी लेकीकडे नुसतं पाहिलं. ती हसू दाबायला शिट्टी तोंडात धरून उभी होती आणि शिट्टी आपोआप वाजत होती.

महिन्याभराने दुसरी परवानगी मिळाली. पंच या खेपेला शिंकांची गोळी घेऊन आला होता. त्यामुळे तो शिंकत नव्हता, पेंगत होता, आणि बायको दर अर्ध्या मिनिटाला त्याच्या कानाशी शिट्टी वाजवून त्याला आकडा टिपायला लावत होती. काळ्या पोटाची हिरडी वर निघाली. दोन हजार झाले. एकवीसशे चाळीस गेले तेव्हा कुणी टाळीसुद्धा वाजवली नाही. सगळे सासूबाईंच्या तोंडाकडे बघत होते.

जावयाने एकदाही विचारलं नाही. ओठ आत ओढून तो उभा होता.

"एवढीशी दिसतेय," त्या म्हणाल्या. "तिळाएवढी." थोड्या वेळाने म्हणाल्या, "आहे अजून." आणि मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "आता नाही दिसत."

शिट्टी वाजली. पंचाने आकडा टिपला: दोन हजार तीनशे एक्क्याण्णव.

जावयाने मोटार बंद केली. वर काय चाललंय ते त्याला कळत नव्हतं आणि आता सासूबाईंनाही कळत नव्हतं. त्याच्या बोटांना दांड्या ओढायची अशी काही खाज सुटली होती की त्याने आठही बोटं रिमोटच्या पाठीशी घट्ट दाबली आणि अंगठे हवेत धरले. एक मिनिट गेलं. दीड गेलं. सासूबाईंनी खुर्चीतूनच हात लांब करून त्याच्या शर्टाचं टोक धरलं. का, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

"आली," त्या म्हणाल्या. "डोक्यावरच आहे. हलवू नका काही."

सही करताना त्यांनी तक्ता पंचाला दहा पावलं लांब धरायला लावला, स्वतः वाचला, मग जवळ मागवून अंदाजाने सही केली. ती निम्मी टेबलावर आली. फळ्यावर नवा आकडा लागला. खाली 'कवळीवाला' लिहिलं होतं आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'व सासूबाई'. ती अक्षरं त्यांना माळाच्या फाटकातूनही वाचता आली.

पुढच्या रविवारी सकाळीच दारावरची घंटा वाजली. बेकरीवाला उभा होता. हातात बिस्किटांचा मोठा डबा, अंगावर इस्त्रीचा शर्ट.

"काका, आजींना जरा दोन तासांसाठी नेऊ का? परवानगी काढलीय, गाडी आणलीय. उशीही ठेवलीय मानेला."

जावई नाही म्हणणार तेवढ्यात सासूबाई चपला घालून तयार होत्या. दुपारी परत आल्या त्या बिस्किटं खातच. बेकरीवाल्याचं विमान दोन हजार चारशे दोनवर गेलं होतं.

जावई दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने नवा आराखडा आणून त्यांच्या पुढ्यात पसरला. पाच मीटरचा पंख, आणि तोही दोन्ही बाजूंनी कलप लावलेला.

"आई, एवढंच करा. त्या बेकरीवाल्याला यातलं काही सांगू नका."

"मी कशाला सांगू?" सासूबाई डब्यातलं बिस्कीट चाचपत म्हणाल्या. "त्याने विचारलं तर बघू."